सातवे पाऊल

॥ श्रीहरी ॥

मंडळी, आज पुण्यात दोन्ही पालख्या मुक्कामाला आहेत. भवानी पेठेत माउली, नाना पेठेत तुकोबाराय. गावोगावचे पाय आज पुण्याला लागलेत. अशा दिवशी उभं राहायला मिळालं हे भाग्य. पण खरं सांगतो, आज पायांत नेहमीचं बळ नाही. आमच्या घरातली ही गेली, त्याला या महिन्यात वर्ष झालं. एकोणचाळीस वर्षं माझ्या कीर्तनाला ती मागच्या खांबाशी बसायची. आज त्या खांबाकडे बघायचं नाही असं ठरवून आलो होतो, आणि नमनालाच दोनदा बघितलं. तेव्हा आजची सेवा तिच्या स्मरणाची. स्मरण हीसुद्धा भक्तीच आहे बरं का. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं, कीर्तन दुसरं आणि स्मरण तिसरं.

पूर्वरंग

लग्नात सप्तपदी होते. आपण सगळे ती चाललो, पण भटजी काय म्हणतात इकडे लक्ष कोणाचं? अर्धं लक्ष उपरण्याच्या गाठीकडे, अर्धं पंगतीकडे! पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं धनासाठी, चौथं सुखासाठी, पाचवं संततीसाठी, सहावं ऋतूंसाठी. आणि सातवं? सातवं सख्यासाठी. सातव्या पावलाला नवरा बायकोला म्हणतो, तू माझी सखी हो. शास्त्रकारांनी मैत्री शेवटी का ठेवली? कारण अन्न, धन, मुलंबाळं यांत संसार आपोआप पुढे जातो. सख्याला मात्र जन्म लागतो.

आता भक्तीच्या पायऱ्या बघा. तिथेही सख्य आठवं, दास्याच्या पुढचं. दास देवाला ‘हो’ म्हणतो. सखा ‘नाही, देवा, तुझं चुकतंय’ असंही म्हणू शकतो. अर्जुन भगवंतांबरोबर जेवला, हसला, थट्टा केली. विश्वरूप दिसल्यावर घाबरून त्याची क्षमा मागू लागला. भगवंतांनी त्याला दूर नाही लोटलं. पुन्हा तेच ओळखीचं सौम्य रूप दाखवलं आणि धीर दिला.

कालिदासाच्या रघुवंशात अज राजाची राणी इंदुमती अकस्मात जाते. एवढा चक्रवर्ती, पण मोकळा रडतो. नुसती राणी गेली म्हणून रडत नाही. सल्ला देणारी गेली, सखी गेली, म्हणून रडतो. राज्याला दुसरा मंत्री मिळतो हो. खरं बोलणारं माणूस पुन्हा मिळत नाही.

विठ्ठल, विठ्ठल.

उत्तररंग

बुक्का लावून घेतलात, आता आख्यानाकडे वळू. आख्यान लांबचं नाही, याच पुण्यातलं, नारायण पेठेतल्या गायकवाड वाड्यातलं. आज त्याला आपण केसरीवाडा म्हणतो.

बाळ गंगाधर टिळकांचं लग्न १८७१ साली कोकणात झालं. नवरदेवाचं वय पंधरा. मुलगी दापोलीकडच्या लाडघरच्या बाळांची. माहेरचं नाव तापी, सासरी सत्यभामा. पुढच्याच वर्षी टिळकांचे वडील गेले. आई तर आधीच गेलेली. त्या पोरक्या मुलाबरोबर ही पोर मोठी झाली.

टिळक तीनदा तुरुंगात गेले. १८८२ मध्ये आगरकरांबरोबर डोंगरीला १०१ दिवस. १८९७ मध्ये राजद्रोहाचा खटला. आणि २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा, ब्रह्मदेशात मंडालेला. तुरुंगात एक जण जातो, पण शिक्षा दोघं भोगतात. ग्रंथांत एकाचं नाव येतं, एवढाच फरक.

मंडालेच्या लाकडी कोठडीत १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी पेन्सिलीने गीतारहस्य लिहून काढलं. स्थितप्रज्ञ कोण, कर्म कसं करावं, सुखदुःख कसं सोसावं, सगळं लिहून झालं. आणि मग परीक्षा आली. ७ जून १९१२ रोजी पुण्यात सत्यभामाबाई गेल्या. मंडालेला तार गेली.

मंडळी, हे आख्यान मी तीस वर्षं सांगत आलो. नारद मंदिरात शिकत होतो तेव्हापासून मनात होतं. आणि सांगायचो कसं? ‘तार आली, वाचली, घडी करून ठेवली! डोळ्यांत टिपूस नाही! याला म्हणतात स्थितप्रज्ञ!’ इथे तबल्यावर थाप पडायची. टाळ्या मिळायच्या.

एका रात्री घरी आलो. हिने दूध पुढे ठेवलं आणि म्हणाली, ‘अहो, एक विचारू? तुम्ही टिळकांचा दगड का करता?’

मी म्हटलं, ‘लोकांना धैर्य हवं असतं.’

ती म्हणाली, ‘धैर्य द्या की. पण त्यांनी भाच्याला पत्र लिहिलंय, ते तुम्हीच मला वाचून दाखवलंत. ते कीर्तनात का नाही येत? आणि सत्यभामाबाई तुमच्या कीर्तनात येतात त्या फक्त मरायला.’

मला राग आला. ‘तुला कीर्तनातलं काय कळतं?’ असं मी बोललो. वर्षानुवर्षं माझी प्रत्येक चूक जिने पकडली, तिला बोललो. ती काही बोलली नाही. भांडं उचलून आत गेली. आख्यान मी तसंच सांगत राहिलो.

आज ते पत्र सांगतो. तार पोचल्यावर टिळकांनी भाच्याला, धोंडोपंत विद्वांसांना ते लिहिलं. तुरुंगातलं पत्र, सरकार वाचणार म्हणून इंग्रजीत. भावार्थ असा: हा आघात फार मोठा आहे. संकटं शांतपणे सोसायची मला सवय आहे, पण या वेळी मी हललो, हे कबूल करतो. आपल्या समजुतीने बाईने नवऱ्याआधी जाणं वाईट नव्हे. पण सगळ्यांत सलतं ते हे, की अशा वेळी मी तिच्याजवळ नव्हतो. माझ्या आयुष्याचं एक प्रकरण संपलं. आणि पुढे लगेच मुलांची काळजी: त्यांनी खचू नये, संकटातून शिकावं, मी तर त्यांच्याहून लहान वयात पोरका झालो होतो.

ऐकलंत? ज्याने गीतारहस्य लिहिलं तो म्हणतो, मी हललो. हलला म्हणून स्थितप्रज्ञपण गेलं का? नाही महाराज! दगड हलत नाही, त्यात दगडाची साधना काय? झाड हलतं, पण मुळातून सुटत नाही. टिळक हलले आणि त्याच पत्रात मुलांच्या शिक्षणाकडे वळले. पुढे दोन वर्षांची कैद भोगली. जून १९१४ मध्ये मध्यरात्री त्यांना वाड्याच्या दारात आणून सोडलं. दार तेच, आत ती नव्हती. तरी दुसऱ्या वर्षी ग्रंथ छापला, त्याच्या पुढच्या वर्षी स्वराज्याची चळवळ उभी केली. डोळ्यांत पाणी आणि हातात काम, ही गीता.

आता माझं. टिळकांना सरकारने सहा वर्षं दूर ठेवलं. मला कोणी ठेवलं? हारांनी आणि नारळांनी! हिचं शेवटची दोन वर्षं डायलिसिस होतं, आठवड्यातून दोनदा. विचारलं की म्हणायची, ‘जा. तारीख दिलीय ना?’ मी जायचो. एक अख्खा चातुर्मास बाहेरगावी काढला. परत आलो की माझ्या गळ्यातला हार ती सोडवायची, फुलं तुळशीत घालायची आणि दोरा गुंडाळून ठेवायची. वाया जाऊ नये म्हणून. शेवटच्या रात्री मी उशाशी होतो, पांडुरंगाची कृपा. पण त्याआधी कितीतरी रात्री नव्हतो. इथे उभा राहून सख्यभक्ती सांगत होतो, आणि माझी सखी घरी एकटी हात सुजवून बसली होती. टिळकांना जे सललं त्यात त्यांचा दोष नव्हता. माझ्यात आहे. म्हणून हे आख्यान सांगायचा खरा अधिकार मला आजच आला, आणि तो मिळायला नको होता.

वैकुंठ स्मशानभूमीतून घरी आलो. लोक म्हणाले, बुवा, तुम्ही ज्ञानी माणसं, तुम्ही रडायचं नाही. मी रडलो. रडून झाल्यावर तिचं वाक्य आठवलं, आणि पुढचं कीर्तन कसं करायचं ते कळलं.

मंडळी, पुढे दिवेघाट आहे, लोणी आहे. वारीत तुमच्याबरोबर घरचं माणूस चालत असेल तर आज त्याचे पाय दाबा. घरी राहिलं असेल तर आज रात्री फोन करा, ‘जेवलीस का?’ एवढंच विचारा. ते माणूस तुमची चूक दाखवील, तर रागावू नका. देव हजार तोंडांनी बोलतो म्हणतात. त्यातलं एक तोंड माझ्या घरात होतं, दुधाचं भांडं हातात घेऊन.

आजही खांबाशी कोणी तरी बसलंय. माउली, कीर्तनात काही चुकलं असेल तर नंतर मला येऊन सांगा. सांगणारं घरी आता कोणी नाही.

बोला, पुंडलिकवरदा हरी विठ्ठल!