मोबाईलचा वेग आणि आपली धांदल

(सुवर्णमहोत्सवानिमित्त बेळगाव येथे दिलेले भाषण)



ह्या उत्सवात बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा शिक्षणाविषयी चार शब्द सांगावे लागणार, अशी आमची समजूत झाली होती. पण चिटणीस म्हणाले, "मास्तर, शिक्षणावर बोलणारे पुष्कळ आहेत. आमच्या वडीलधाऱ्यांना मुलांनी मोबाईल घेऊन दिलेत. ते चालवायचे कसे हे दाखवायला मात्र कोणाला सवड नाही. तेवढे सांगा." आम्ही काही यंत्रविशारद नव्हे. शाळेत गणित व विज्ञान शिकवितो. तेव्हा गणिताच्याच वाटेने गेलेले बरे.

पहिली तक्रार सर्वांची एकच : "नेट हळू चालते." हळू म्हणजे किती, हे मोजल्यावाचून तक्रारीला अर्थ नाही. ह्या व्यवहारात दोन नाणी चालतात, बिट आणि बाइट. येथे बसलेल्या काही वयोवृद्धांना चवली आठवत असेल. आठ चवल्या झाल्या म्हणजे रुपया होई. तसेच आठ बिट मिळून एक बाइट होतो. आता गंमत अशी, की कंपनी आपला वेग बिटांत सांगते आणि फोटो, चित्रफिती ह्यांचे आकारमान मात्र फोनवर बाइटांत लिहिलेले असते. भाव चवल्यांत सांगितला आणि गिऱ्हाइकाने तो रुपयांत ऐकला, तर दुकानात भांडण होणारच! सेकंदाला १६ मेगाबिट वेग मिळाला, तर त्याचे २ मेगाबाइट झाले. नातवाचा २ मेगाबाइटचा फोटो एका सेकंदात उतरेल.

परंतु बहुतेकांच्या रिचार्जमध्ये दिवसाला दीड किंवा दोन गिगाबाइट, अशी मर्यादा घातलेली असते. ती संपली म्हणजे नेट बंद पडत नाही. पुष्कळ योजनांत त्याचा वेग ६४ किलोबिटवर आणून ठेवतात. आठाने भागा : सेकंदाला ८ किलोबाइट. मघाच्याच फोटोला आता अडीचशे सेकंद, म्हणजे चार मिनिटांहून अधिक लागतील. फोन बिघडला नाही, मनोराही पडला नाही. शिधा संपला एवढेच. आणि तो संपतो कशाने? सकाळपासून येणाऱ्या सुप्रभाताच्या चित्रफितींनी! व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' म्हणून एक खाते आहे. तेथे चित्रफिती आपोआप उतरण्याची परवानगी काढून घ्यावी. मित्रांचा स्नेह त्याने कमी होत नाही.

फोनच्या माथ्यावर ४जी, ५जी अशी अक्षरे दिसतात, त्या दूरसंचाराच्या पिढ्या होत. आपल्या देशात तिसरी पिढी २००८ साली दिल्लीत अवतरली, चौथी २०१२ साली कोलकात्यात आणि पाचवीचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाले. प्रवासात कधी नुसते 'ई' हे अक्षर दिसते. खानापूरच्या जंगलपट्टीत जाणाऱ्यांस ते ओळखीचे असेल. ती दुसऱ्या पिढीची वाट. तिच्यावरून निरोप कसाबसा जाईल, चित्रफीत जाणार नाही.

अक्षरांशेजारच्या उभ्या रेघांविषयी मात्र मोठा गैरसमज आहे. त्या रेघा मनोऱ्याचा आवाज किती स्पष्ट ऐकू येतो एवढेच सांगतात. त्या मनोऱ्यापाशी रांग किती लागली आहे, हे सांगत नाहीत. गणेशविसर्जनाच्या रात्री रेघा पूर्ण असतात, आणि "कोठे आहेस?" एवढा निरोप जाता जात नाही. एकाच मनोऱ्याचा वेग हजारो माणसांत वाटला गेलेला असतो.

ह्या रेघांनी आम्हांसही एकदा फसविले आहे. आमचे वडील टपालखात्यात होते; त्यांच्यामागे आमच्या अम्मींना कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो न दिला तर पैसे थांबतात. आता 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन ॲप घेतली, की चेहरा दाखवून घरबसल्या दाखला देता येतो. अम्मी माजघरात खुर्चीवर बसल्या, आम्ही फोन धरला. एकदा झाले नाही, दहादा झाले नाही. शेवटी अम्मी म्हणाल्या, "अरे, मी जिवंत आहे हे ह्या डबड्याला पटत नाही की तुला?" आम्ही फोनला दोष दिला आणि चौदा हजार रुपये मोजून ५जीचा नवा आणला. त्यावरही तेच! घर जुने, भिंती हातभर जाडीच्या दगडी आणि माजघरात उजेड बेताचा. लहरी जितक्या उंच कंपनाच्या तितक्या त्या भिंतीतून कमी येतात, हे आम्ही दरवर्षी वर्गात शिकवितो. घरात मात्र सुचले नाही. धाकट्या मुलीने आजीला हाताला धरून गच्चीवर नेले, आणि जुन्याच फोनवर मिनिटभरात काम झाले. नवा फोन सध्या मुलीकडे आहे.

म्हणून फोन बदलण्यापूर्वी जागा बदलून पाहावी. विमानाचे चिन्ह एकदा दाबून पुन्हा सोडावे. फोन मनोऱ्याचा शोध नव्याने घेतो.

ॲप किती घ्यावीत? आमच्या मते थोडीच. 'डिजिलॉकर'मध्ये आधार, वाहन परवाना, गाडीचे नोंदणीपत्र राहते आणि तेथील दाखला कायद्याने मुळाच्या बरोबरीचा मानला जातो. 'व्हेअर इज माय ट्रेन' हे आम्हांस फार आवडते. गाडीत बसल्यावर नेट नसले तरी वाटेतल्या मनोऱ्यांवरून गाडी कोठे आली ते ओळखते. लोंढ्याच्या बाजूस त्याचा प्रत्यय घ्यावा. आणि आपल्या सीमाभागात खरे उपयोगी म्हणजे 'गूगल लेन्स'. कन्नडमधील नोटीस किंवा जमिनीचा उतारा आला, की त्यावर कॅमेरा धरावा. मराठी अर्थ उमटतो. मात्र नावे आणि कायद्याचे शब्द ते चुकविते. कागद कशाविषयी आहे हे समजण्यापुरता त्याचा आधार घ्यावा. सही करण्यापूर्वी कन्नड जाणणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यावा.

पैशांसाठी 'भीम' आहे. संस्थेच्या देणगीसाठी दाराशी चौकटीचे चित्र लावले आहे, तेही त्याने वाचता येते. रक्कम घालण्यापूर्वी पडद्यावर संस्थेचे नाव येते की नाही, हे चष्मा लावून पाहावे. आणि पैसे घेताना पिन लागत नाही. पैसे घेण्यासाठी पिन मागणारा मनुष्य चोर समजावा.

आता जे सांगावयाचे ते सांगताना आम्हांस संकोच वाटतो. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांना फोन आला : "तुमचा हयातीचा दाखला पोचला नाही, पेन्शन थांबेल, व्हॉट्सॲपवर ॲप पाठविले आहे, ते उघडा." त्यांनी ते उघडले. पुढे काही मिनिटांत खात्यातून मोठी रक्कम गेली. पण त्याहून मोठे नुकसान पुढेच झाले. मुले हसतील, सून काय म्हणेल, ह्या लाजेने ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. १९३० हा सरकारी क्रमांक अशाच वेळेसाठी आहे; ताबडतोब कळविले तर पैसे पुढे सरकण्याआधी अडविता येण्याची शक्यता असते. दोन दिवसांत ते कोठल्या कोठे गेले.

येथील तरुणांना आमची विनंती आहे, की घरातील वृद्धाने असे काही सांगितले तर प्रथम १९३० लावा आणि बँकेस कळवा, "तुम्ही उघडलेच कशाला?" हा प्रश्न त्या दिवशी विचारू नका. आणि वडीलधाऱ्यांनो, निरोपातून आलेले ॲप उघडू नका. ते 'प्ले स्टोअर'मधूनच घ्या. पोलीस म्हणवून कोणी "डिजिटल अटक" केली असे सांगेल, तर अशी अटक आपल्या कायद्यात नाही. फोन ठेवून द्या.

आता अध्यक्ष महाशयांच्या अनुमतीने प्रत्यक्ष काम करू. ज्यांनी मोबाईल आणले आहेत त्यांनी खिडकीकडील बाकांवर येऊन बसावे. तेथे वेग बरा मिळतो, हे आम्ही सकाळीच तपासून ठेवले आहे.