पुलाखाली उतरून पाहा



गणपतीला मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांचा पहिला विषय यंदाही रस्ता हाच होता. भरुचपासून बडोद्यापर्यंत झर्रकन आलो, पण त्याआधी जुन्या महामार्गावर हाडे खिळखिळी झाली! दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाची पायाभरणी 2019 मध्ये झाली. आपला बडोदा-भरुच टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला, नर्मदेवर आठ पदरी पूल उभा राहिला. मुंबईकडचे काम मात्र अजून अपुरेच आहे.

या दिरंगाईचा राग मलाही येतो. पण रखडलेला रस्ता आपला वेळ खातो. दुर्लक्षित पूल माणसे खातो. 9 जुलै 2025 च्या सकाळी महीवरचा गंभीरा पूल कोसळला. पादरा आणि आंकलाव तालुक्यांना जोडणारा हा पूल 1985 चा, म्हणजे अवघ्या चाळिशीचा. कामावर निघालेली माणसे नदीत गेली. उलट भरुचचा 1881 चा लोखंडी पूल 2021 मध्ये शेजारी नवा पूल होईपर्यंत वाहने पेलत होता. तेव्हा दोष नुसत्या वयाला देता येणार नाही.

माझी नोकरीची सारी वर्षे पुलांच्या कामात गेली, म्हणून थोडे सांगतो. पुलाची तुळई खांबावर थेट टेकत नाही. मध्ये छोटे काँक्रीटचे चौथरे आणि बेअरिंगे असतात. उन्हाने होणारी वाढ आणि वाहनांचे हादरे ती सोसतात. गंभीराच्या प्राथमिक तपासात हे चौथरे आणि सांधे निकामी झाल्याचेच पुढे आले. वर डांबर गुळगुळीत असले तरी खालचे दुखणे गाडीतून दिसत नाही. त्यासाठी खाली उतरावे लागते. नव्या पुलाच्या उद्घाटनाची आमंत्रणे मला पुष्कळ आली. जुन्या पुलाखाली चला म्हटले, तर बरोबर कोणी आले नाही.

म्हणून एक मागणी करू या. प्रत्येक पुलावर फलक हवा : बांधणीचे वर्ष, शेवटच्या तपासणीची तारीख आणि भारमर्यादा. निवेदनाचा कागद मंडपाच्या दाराशी ठेवला आहे. प्रसाद घेण्याआधी सही करावी, ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!