कान्ह्याचे गवत
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



कान्हा हे नाव उच्चारताच वाघ डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु कान्ह्याचे खरे वैभव समजून घ्यायचे, तर दृष्टी आधी गवताकडे वळवावी लागते.

सातपुड्याच्या मैकल रांगेतील या अरण्याची रचना चढत्या पायऱ्यांची आहे. खालच्या ओलसर भागात सालवृक्षांची दाटी असते. जुनी पाने गळत असतानाच नवी पालवी फुटत असल्याने साल फार काळ निष्पर्ण राहत नाही. म्हणूनच ऐन उन्हाळ्यातही त्याखाली सावली मिळते. पश्चिमेस पेंचकडे जावे, तसे सालाची जागा साग घेतो. उतारांवर ऐन, धावडा, मोह, तेंदू आणि बांबू यांचे मिश्र पानझडी वन लागते. माथ्यावरील सपाट, गवताळ पठारांना तेथील लोक ‘दादर’ म्हणतात; तेथे गवे चरतात आणि चौशिंग्यालाही आसरा मिळतो.

खोऱ्यांतील विस्तीर्ण कुरणे हे बारशिंग्याचे माहेर. उत्तरेकडील त्याचे भाऊबंद दलदलीत राहतात, त्यांचे खूर पसरट असतात. कान्ह्याचा बारशिंगा मात्र कठीण जमिनीवर वावरणारा. तो जवळजवळ केवळ गवतावर जगतो आणि त्याची पाडसेही उंच गवतातच दडून वाढतात. गवत तोकडे झाले की अन्न आणि आडोसा दोन्ही एकदम जातात. 1970 मध्ये ही उपजात अवघ्या 66 जनावरांवर आली होती.

1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या या वनात 1973 मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. शिकारी प्राण्यांपासून सुरक्षित असे कुंपण उभारून काही बारशिंगे वाढवण्यात आले, वणव्यांवर नियंत्रण आले आणि कुरणे राखली गेली. संख्या पुन्हा शेकड्यांत पोहोचली. 2015 पासून काही बारशिंगे सातपुडा व्याघ्रप्रकल्पातही नेण्यात आले, कारण सारा वंश एकाच ठिकाणी असणे धोक्याचे. एखादी साथ आली, तर तो समूळ नष्ट होऊ शकतो.

या यशाची एक बाजू मात्र टाळ्यांच्या गजरात विसरू नये. सोंफसारखी काही कुरणे म्हणजे पूर्वीच्या गावांची शेतजमीन आहे. बैगा व गोंड कुटुंबांनी घरे सोडली, तेव्हा शेतांत गवत वाढले आणि त्या गवतात बारशिंगा परतला. अरण्याचे रक्षण ज्यांच्या त्यागावर उभे राहिले, त्यांच्या मुलांना शाळा, जमीन आणि सन्मान मिळाला की नाही, हा प्रश्न वन्यजीवांच्या गणनेइतकाच महत्त्वाचा आहे.

सुट्टीत मुलांना कान्ह्याला अवश्य न्यावे. वाघ दिसला नाही, तरी सहल वाया गेली असे म्हणू नये. कुरणाच्या कडेला गाडी थांबवावी, गवताकडे पाहावे आणि येथे पूर्वी कोण राहत होते, हे मुलांना सांगावे.