पटिलो हिगिन्स आणि त्याची टेकडी



ज्या घरांत विजेचा दिवा उशिरा आला, त्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना 'रॉकेल' हा शब्द अजून चांगला आठवत असेल. 'रॉक ऑइल', म्हणजे खडकातले तेल, या इंग्रजी नावाला मराठी जिभेने दिलेले हे सुटसुटीत रूप. कंदिलात ते ओतताना ते कोणत्या खडकातून आणि कोणाच्या खटपटीने वर आले असेल, याची चौकशी करण्याचे आपल्याला कधी कारण पडले नाही. आज ज्या गृहस्थाविषयी मी बोलणार आहे, त्याच्या टेकडीतले तेल दिव्याच्या फारसे कामाचे नव्हतेच. ते भट्टीचे, आगगाडीचे आणि आगबोटीचे तेल होते. तथापि एका ओसाड टेकडीवर इतका अढळ विश्वास ठेवणारा आणि त्या विश्वासाची इतकी विचित्र फळे भोगणारा दुसरा मनुष्य तेलाच्या इतिहासात मला आढळला नाही.

पटिलो हिगिन्स याचा जन्म 1863 साली अमेरिकेतील टेक्सास प्रांताच्या किनाऱ्यावर सबाइन पास या ठिकाणी झाला. बाप बंदुका दुरुस्त करणारा कारागीर. मुलगा सहा वर्षांचा असताना कुटुंब जवळच्याच बोमाँट गावी राहावयास गेले. शाळेत चिरंजीवांचे मन रमले नाही, आणि प्राथमिक इयत्तांतच विद्याभ्यासाला पूर्णविराम मिळाला. पुढे जे उनाडपण सुरू झाले त्याला 'पोरकट खोड्या' म्हणणे म्हणजे त्यावर पांघरूण घालणे होय. सतरा वर्षांचा असताना गावातील कृष्णवर्णीय लोकांना त्रास देण्याच्या एका दुष्ट खेळात पोलीस अधिकाऱ्याशी त्याची चकमक झाली. दोघांनीही गोळ्या झाडल्या. अधिकारी मरण पावला आणि हिगिन्सचा डावा हात कापून टाकावा लागला. आत्मसंरक्षणार्थ गोळी झाडली असे ठरवून न्यायालयाने त्याला सोडले. न्यायालयाने सोडले खरे. पण त्या दिवसाचा विचार केल्यावाचून या माणसाचे पुढचे आयुष्य समजत नाही, असे मला वाटते.

काही वर्षे तो जंगलातील लाकूडतोड्यांच्या मेळ्यात राहिला. एका हाताने ओंडके हाकण्याचे काम त्याने केले, आणि तिथल्या दारूत व मारामारीत कोणाला हार गेला नाही. मग 1885 साली बोमाँटमध्ये बाप्तिस्त पंथाच्या एका प्रवचनकाराच्या सभा भरल्या. हिगिन्स तेथे गेला, आणि त्याचा जन्मच पालटला. धर्मांतरे आपण पुष्कळ ऐकतो. एकाच धर्मात राहून झालेले हे अंतर त्याहून मोठे. मद्य सुटले, जुने सोबती सुटले, आणि गावाने ज्याच्यापासून आपली मुले दूर ठेवली होती, तोच मनुष्य रविवारच्या शाळेत लहान मुलींना पवित्र शास्त्र शिकवू लागला. अशा माणसाच्या हाती मुले सोपविणारे ते गावही मोठ्या मनाचे म्हटले पाहिजे!

पोटासाठी त्याने विटांचा कारखाना काढला, आणि तेलाची गोष्ट या विटांच्या भट्टीतूनच निघाली. लाकडाच्या आगीत विटा सारख्या भाजत नाहीत; एक करपते, दुसरी कच्ची राहते. उत्तरेकडील प्रांतांत भट्ट्या कशा चालवितात हे पाहण्यास तो गेला, तेव्हा तेल आणि भूवायू यांच्या आचेवर विटा एकसारख्या भाजल्या जात असलेल्या त्याने पाहिल्या. तेथील तेलाच्या क्षेत्रांत जमीन कशी दिसते हेही त्याने डोळ्यांत साठविले. आणि मग त्याला आपल्या गावाच्या दक्षिणेची टेकडी आठवली.

टेकडी म्हणजे काय, तर सपाट माळावरचा एक लहानसा फुगवटा! त्यावरच्या झऱ्यांना गंधकाचा वास येई आणि पाण्यातून बुडबुडे निघत. हिगिन्सने आपल्या रविवारच्या शाळेतील मुलींना तेथे सहलीस नेले, हातातली काठी जमिनीत खुपसली आणि त्या भोकापाशी काडी ओढली. भोकातून ज्योत निघाली. मुलींना ती जादू वाटली. मास्तरांना मात्र ती जादू वाटली नाही. त्यांनी सरकारी भूगर्भखात्याची पुस्तके मागवून वाचावयास आरंभ केला. ज्याची शाळा प्राथमिक इयत्तांतच आटोपली होती, त्याचे हे वाचन.

1892 च्या ऑगस्टमध्ये त्याने मंडळी उभी केली. भांडवल मुख्यतः जॉर्ज कॅरोल या लाकडाच्या व्यापाऱ्याचे. तोही त्याच बाप्तिस्त मंडळीतला आणि मद्यपानाचा कट्टर शत्रू. कंपनीला नाव दिले 'ग्लॅडिस सिटी', आणि ही ग्लॅडिस कोण, तर हिगिन्सच्या वर्गातली एक चिमुरडी मुलगी! नाव कंपनीचे नव्हते, नगराचे होते. टेकडीच्या पायथ्याशी शाळा, देवालये, कारखाने, बागा असलेले एक आदर्श गाव वसवावयाचे, आणि जमिनीतल्या इंधनावर ते चालवावयाचे, असा त्याचा बेत होता. तेल हे साधन होते; गाव हे साध्य होते. पुढच्या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट विसरली गेली.

तीन वेळा विहीर खोदली, तिन्ही वेळा वाळूने दगा दिला. किनाऱ्याची भूमी पेनसिल्व्हेनियासारखी खडकाळ नाही. चारशे फुटांच्या आसपास गेले की सरकती वाळू भोक बुजवून टाकी. 1895 साली प्रांताच्या एका भूगर्भशास्त्रज्ञाने वर्तमानपत्रात लिहून नागरिकांना बजावले की, बोमाँटखाली तेल मिळण्याची आशा धरून पैसा उधळू नये. गावात हिगिन्सची थट्टा सुरू झाली. भागीदारांशी मतभेद होऊन तो स्वतःच काढलेल्या कंपनीतून बाहेर पडला. तो हट्टी होता, आणि आपली खात्री ही देवाने दिलेली खात्री आहे असे मानणाऱ्या माणसाशी भागीदारी करणे सोपे नसते, हे कॅरोलच्या बाजूनेही सांगितले पाहिजे.

शेवटी त्याने व्यापारी पत्रात जाहिरात दिली. साऱ्या अमेरिकेतून उत्तर आले एकच. ते कॅप्टन अँथनी ल्यूकस याचे. हा मूळचा एड्रियाटिक किनाऱ्यावरचा, ऑस्ट्रियाच्या आरमारात शिकलेला खाण-अभियंता. लुइझियानात मिठाच्या खाणींत काम करताना त्याला दिसले होते की, भूगर्भातले मीठ दाबाखाली घुमटासारखे वर चढते, वरचे थर उचलते, आणि त्याच्या माथ्यावरच्या सच्छिद्र खडकात गंधक, वायू व क्वचित तेल कोंडून राहते. हिगिन्सची टेकडी म्हणजे अशाच घुमटाचे टोक होते. जे एकाने श्रद्धेने आणि वासाने ओळखले, त्याला दुसऱ्याने शास्त्रीय कारण दिले.

1899 साली दोघांचा करार झाला. हिगिन्सला दहावा हिस्सा मिळावयाचा होता. ल्यूकसची पहिली विहीर 575 फुटांवर ढासळली आणि त्याचा पैसा संपला. पिट्सबर्गचे सावकार पुढे आले, पण त्यांनी केलेल्या नव्या करारात हिगिन्सला जागा नव्हती. ल्यूकसने ही अट मान्य केली. तो दुष्ट नव्हता, गरजू होता.

खोदकामाचे काम कॉर्सिकानाच्या हॅमिल बंधूंना दिले. त्यांनी ठोकण्याऐवजी फिरत्या पात्याने खोदण्याची पद्धत वापरली. वाळू आवरावी म्हणून एका तळ्यात गुरे फिरवून पाणी गढूळ केले आणि तो चिखल नळातून आत सोडला, असे सांगतात. चिखलाचा लेप भोकाच्या भिंतींना बसला आणि वाळू थांबली. विहिरी खोदताना मुद्दाम तयार केलेला चिखल आत सोडण्याची चाल पुढे सगळीकडे रूढ झाली. नाताळात काम बंद ठेवून बंधू घरी गेले आणि नववर्षाच्या दिवशी परत कामाला लागले.

10 जानेवारी 1901 च्या सकाळी नवे पाते आत सोडीत असता चिखल उसळू लागला. कर्ट हॅमिल मनोऱ्यावर होता. चिखलाने न्हाऊन तो कसाबसा खाली उतरला. टनावारी वजनाचे लोखंडी नळ आकाशात उडून पडले. मग काही वेळ शांतता. मग तोफेसारखा आवाज, वायू, आणि शेवटी मनोऱ्याहून कितीतरी उंच तेलाचा काळा स्तंभ. खोली हजार फुटांहून थोडी अधिक. हिगिन्सने वर्षानुवर्षे हजारच सांगितली होती. दिवसाला सुमारे 1,00,000 पिंपे या हिशेबाने नऊ दिवस ते तेल वाहिले, तेव्हा कोठे तोंडाला झडप बसविता आली. त्या दिवशी हिगिन्स लाकडाच्या व्यवहारासाठी बाहेरगावी होता. गावात परतल्यावर त्याला ही वार्ता कळली.

मग गावाचे काय झाले? नऊदहा हजार वस्तीचे बोमाँट पाहता पाहता सुमारे पन्नास हजारांवर गेले. तेल इतके झाले की पिंपाला तीन सेंट भाव आला, आणि पिण्याच्या पाण्याच्या पेल्याला पाच सेंट मोजावे लागत. जुगाराचे अड्डे, मद्याची दुकाने, बनावट कंपन्यांचे दलाल यांनी रस्ते भरले. टेक्सको आणि गल्फ या प्रचंड कंपन्यांचा उगम याच टेकडीवर झाला. आगगाड्या आणि आगबोटी कोळसा सोडून तेल जाळू लागल्या. 1902 साली एका वर्षात 1,70,00,000 पिंपांहून अधिक तेल निघाले, आणि टेकडीवर विहिरींची इतकी दाटी झाली की दोन वर्षांतच जमिनीतला दाब संपून ती आटू लागली. शाळा आणि बागा असलेले ग्लॅडिस सिटी मात्र कागदावरच राहिले.

हिगिन्सने न्यायालयात दावा लावला. तो बाहेरच तडजोडीने मिटला. टेकडीवरच्या आपल्या लहानशा जमिनीत त्यालाही तेल लागले, तेव्हा तो अगदी रिकाम्या हाताने राहिला असे नाही. 1901 च्या अखेरीस बोमाँटच्या बत्तीस नागरिकांनी सह्या करून जाहीर केले की, या शोधाचे श्रेय हिगिन्सचे आहे. त्यांतल्या किती जणांनी पूर्वी थट्टा केली होती, हे त्या कागदावर लिहिलेले नाही. कॅरोलने आपला पैसा बेलर विद्यापीठाच्या विज्ञानमंदिराला दिला, आणि 1904 साली मद्यनिषेध पक्षातर्फे अमेरिकेच्या उपाध्यक्षपदासाठी तो उभा राहिला. त्या तेलातून निघालेले एवढे एक फळ तरी हिगिन्सच्या मनासारखे असावे.

1908 साली, चव्वेचाळीस वर्षांचा झाल्यावर, हिगिन्सने लग्न केले. वधू ॲनी जॉन्स ही त्यानेच पूर्वी आपल्या आश्रयाला घेतलेली मुलगी होती, आणि वयातील अंतर मोठे होते. गावाने नावे ठेवली, आणि ती उगीच ठेवली असे मला म्हणवत नाही. पण संसार टिकला. तीन मुले झाली. तो त्यांना घेऊन टेक्सासभर हिंडला, नव्या टेकड्या शोधीत राहिला, त्यांतल्या काहींच्या पोटात तेल निघाले, आणि पुष्कळदा ते दुसऱ्याच्या नावावर निघाले. 1955 साली सॅन अँटोनियो येथे, वयाच्या एक्याण्णव्या वर्षी, त्याचा अंत झाला.

1941 साली त्या शोधाचे स्मारक म्हणून ग्रॅनाइटचा उंच स्तंभ उभारला, तो ल्यूकसच्या विहिरीच्या नावाने. ग्लॅडिसचे नाव मात्र राहिले आहे. 1976 साली बोमाँटच्या विद्यापीठाने त्या धामधुमीतल्या लाकडी गावाची प्रतिकृती बांधून संग्रहालय केले, आणि त्याला तिचेच नाव दिले. त्यात लोहाराचे दुकान आहे, टपालकचेरी आहे, छापखाना आहे. आणि खऱ्या इतिहासाला धरून, एक दारूचे दुकानही आहे.