फुकटाचे तिकीट आणि रजेचा अर्ज



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'युरोपची बोट आणि विमानाचे पॉइंट' असा विषय पाहून दोघा-तिघांनी चिटणिसांना विचारले म्हणे, की ही छापखान्याची चूक तर नाही? चूक नाही. विषय मीच सुचविला. तीस वर्षे मी जळगावच्या डाळमिलांत आणि चटईच्या कारखान्यांत युनियनचे काम करतो. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंत शाळेत झाले आणि पुढचे वाचनालयात. या विषयाकडे मी आपण होऊन गेलो नाही. तो माझ्या घरात शिरला.

माझी मुलगी पुण्याला संगणकाच्या कचेरीत आहे. गेल्या दिवाळीत ती म्हणाली, "अण्णा, मे महिन्यात तुम्ही आणि आई आमच्याबरोबर युरोपला चला. सात रात्री बोटीवर. विमानाचे तिकीट फुकट आहे, माझ्याकडे माइल साठले आहेत." फुकट हा शब्द ऐकला की माझे कान उभे राहतात. तीस वर्षांच्या वाटाघाटींत मालकाने फुकट म्हणून जे जे दिले, त्याची किंमत कोणत्या ना कोणत्या रकान्यात वळती झालेली मी पाहिली आहे. म्हणून तिला म्हटले, आधी हिशेब दाखव.

या माइलांची कथा अशी. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने गिऱ्हाईक टिकविण्यासाठी ही युक्ती काढली. जितके मैल उडाल तितके खात्यावर जमा, आणि पुरेसे जमले की एक तिकीट. नाव माइल राहिले, पण मैलांशी संबंध हळूहळू सुटला. एअर इंडियानेही २०२४ साली अंतराचा हिशेब सोडून भाड्याच्या रकमेवर पॉइंट देणे सुरू केले. आता तर विमानात पाय न ठेवता बँकेच्या कार्डावर किराणा घेऊनही पॉइंट मिळतात. विमान कंपनी ते बँकेला विकते आणि बँक आपल्याला वाटते. हा धंदा किती मोठा? २०२० साली विमाने जमिनीवर बसली तेव्हा अमेरिकेच्या युनायटेड कंपनीने आपली पॉइंटांची योजनाच गहाण टाकून कर्ज काढले. त्या योजनेची किंमत तेव्हा सुमारे २२ अब्ज डॉलर धरली होती, आणि शेअरबाजारात साऱ्या कंपनीला मिळून तेवढी किंमत नव्हती.

मला यात जुनी ओळख पटली. इंग्लंडात खाणीचे आणि गिरणीचे मालक मजुरी पैशांत न देता टोकनांत देत. टोकन चालायचे मालकाच्याच दुकानात आणि पिठाचा भावही मालकच ठरवायचा. १८३१ च्या कायद्याने त्याला आळा घातला. आपल्याकडे १९३६ च्या वेतन कायद्याने मजुरी चालू नाण्यात किंवा नोटांत देण्याचे बंधन घातले. पॉइंट म्हणजे मजुरी नव्हे, हे मला कळते. परंतु जात तीच. नाणे कंपनीचे, दुकान कंपनीचे, भावही कंपनीचा. आज पन्नास हजार पॉइंटांना मिळणारी खुर्ची उद्या सत्तर हजारांना होऊ शकते आणि आपल्याला दाद मागायला जागा नाही.

धुळ्याचे माझे व्याही एस. टी.तून निवृत्त झाले. त्यांना हे समजावून सांगत होतो, तर ते म्हणाले, "आमचा पास बरा. पास करारात लिहिलेला असतो." गाडी चालवून आयुष्य गेलेल्या माणसाने एका वाक्यात सांगितले ते शोधायला मला चार पुस्तके लागली.

जेट एअरवेजचे उदाहरण आपल्याला आठवत असेल. १७ एप्रिल २०१९ रोजी तिचे शेवटचे विमान उडाले. पॉइंटांची योजना वेगळ्या कंपनीच्या नावावर होती, म्हणून ते खाते नाव बदलून पुढे चालले. कामगारांचे महिनोन् महिन्यांचे पगार मात्र थकले आणि २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम दिला. तेव्हा ज्याच्यापाशी पॉइंट आहेत त्याने ते वापरून टाकावेत. सोने साठवावे तसे साठवू नयेत. आपण जळगावकर, सोने काय ते जाणतोच.

आता मुलीच्या खात्यातले माइल आले कोठून? काही घरखर्चाचे, पण बरेचसे कचेरीच्या कामासाठी केलेल्या प्रवासांचे. येथे माझ्यातला युनियनवाला जागा झाला. तिकिटाचे पैसे कचेरीने दिले, मग माइल कोणाचे? जर्मनीत हा खटला तेथील सर्वोच्च श्रम-न्यायालयापर्यंत गेला आणि २००६ साली न्यायालयाने सांगितले की, असे माइल कचेरीच्या कामासाठीच वापरा असे मालक सांगू शकतो. निकाल कायद्याला धरून असेल, पण मला तो पटला नाही. पैसे मालकाने दिले हे खरे. पण रविवारी पहाटे तापाने फणफणलेले पोर सासूच्या हाती देऊन विमानतळ गाठला तो माझ्या मुलीने. तो रविवार कोणाच्या खात्यावर जमा झाला? मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० रोजी नारायण मेघाजी लोखंड्यांनी रविवारची सुट्टी मिळवून दिली, ती अशी विमानात बसून परत जाताना पाहून वाईट वाटते. तिच्या कचेरीने माइलांवर हक्क सांगितलेला नाही. तिने ते निःशंकपणे वापरावेत असे मी तिला सांगितले.

हिशेबाकडे वळतो. समजा, तिकीट पंचेचाळीस हजार रुपयांना आहे. पॉइंटांवर घेतले तर पन्नास हजार पॉइंट द्यायचे आणि शिवाय कर व इतर आकार पंधरा हजार रोखीने. म्हणजे पन्नास हजार पॉइंटांनी वाचवले तीस हजार; एका पॉइंटला साठ पैसे पडले. हा भागाकार प्रत्येक वेळी करावा. भाडे स्वस्त असेल तेव्हा रुपये द्यावेत, चढले असेल तेव्हा पॉइंट. दुसरे म्हणजे, पॉइंटांच्या खुर्च्या थोड्या असतात. त्या सुमारे अकरा महिने आधी खुल्या होतात आणि मे महिन्याच्या लवकर जातात. आम्ही पाच माणसे, मिळत होत्या तीन. दोन वर्षांपुढच्या मुलाला पूर्ण खुर्ची लागते, नातवाचे सहा वर्षांचे कौतुक तेथे चालत नाही. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या संघात आहे, म्हणून तिचे पॉइंट लुफ्तान्सासारख्या दुसऱ्या कंपनीवरही चालतात. तशा शोधाशोधीत शेवटी तीन तिकिटे पॉइंटांवर आणि दोन रुपयांवर असे जमले.

बोट बार्सिलोनाहून निघून मार्सेय, जेनोवा करीत परत बार्सिलोनाला येणारी. रोम पाहायचे तर बोट लागते चिविताव्हेक्कियाला आणि तेथून रोम सुमारे तासाभराचा आगगाडीचा रस्ता. बोट कोणासाठी थांबत नाही, म्हणून विमानाने आदल्या दिवशी पोचावे. आम्हाला तर मुंबईसाठीही एक दिवस आधी निघायचे. जळगावहून रात्रीची गाडी, आणि व्याही निरोप द्यायला येणार ते धुळ्याहून चाळीसगावमार्गे. खोलीची जाहिरातीतली किंमत दोघांत मिळून एका माणसाची असते. वर बंदराचे आकार, आणि बहुतेक बोटींवर 'सेवेची बक्षिसी' म्हणून माणशी रोजचे दहा ते वीस डॉलर बिलात आपोआप चढतात. आमच्या घरात बिबड्यांची तयारी सुरू आहे. ते नेता येतात, पण तूप आणि खव्याची मिठाई नेऊ नये. युरोपात प्रवाशाला बाहेरून दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे.

त्या बक्षिसीमुळे मी बोटीवरच्या कामगारांकडे वळलो. हजारो प्रवाशांची बिछानी, भांडी, स्वयंपाक करणारे हे लोक. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात. आपल्या कोकणातलेही पुष्कळ आहेत. करार सहा-नऊ महिन्यांचा, आणि त्यात घरी जाण्याची सुट्टी नाही. बोटीवर निशाण बहामाचे, पनामाचे किंवा माल्टाचे, कायदाही निशाणाचा. २००६ चा सागरी श्रम करार २०१३ पासून अमलात आला, हिंदुस्थानने तो २०१५ साली मान्य केला. त्यातही कामाची मर्यादा काय आहे? दिवसाला जास्तीत जास्त चौदा तास, आठवड्याला बहात्तर! आपली सुट्टी त्यांच्या बहात्तर तासांवर उभी आहे. म्हणून जाऊ नये असे मी म्हणत नाही. बक्षिसी कापून घेऊ नये आणि खोली आवरणाऱ्याचे नाव विचारावे, एवढे मी घरात बजावले आहे.

तिकिटे झाली, बोट ठरली आणि अडले भलतीकडेच. व्हिसासाठी मोठ्या माणसाला ९० युरो फी, तीस हजार युरोंचा विमा, बँकेचे उतारे हे सारे जमले. बोट तुर्कस्तानला जाऊन परत येणारी असती तर अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा लागला असता, ते टळले. मग यादीत एक ओळ आली: नोकरी करणाऱ्याने पगारपत्रक व मालकाचे रजामंजुरीचे पत्र जोडावे.

माझी पत्नी बावीस वर्षे डाळ निवडते. मी तिला म्हटले, रजेचे पत्र आण. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "आम्हाला रजा नसते. खाडा असतो."

बंधुभगिनींनो, १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात दोनशे चाळीस दिवस भरले की वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा होती. हे कलम मी सभासभांतून पाठ म्हणून दाखविले आहे. माझ्याच घरातली बाई बावीस वर्षे मुकादमाच्या वहीत रोजंदार राहिली, तिच्या नावाचे पगारपत्रक कधी फाडले गेले नाही, आणि हे मला युरोपच्या वकिलातीच्या यादीने सांगावे! युनियनच्या बैठकीहून रात्री दहाला येणाऱ्या माणसाने तिला कधी विचारलेच नव्हते. हे येथे सांगण्याची मला लाज वाटते, पण न सांगता व्याख्यान पुरे झाले नसते.

मुलगी म्हणाली, आईला गृहिणी दाखवू, मी खर्च उचलते असे पत्र देते, काम होईल. काम झाले असते. पत्नीने नकार दिला. "मी काम करते, तसेच लिहा," म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती निवडणाऱ्या आठ बायांना घेऊन कचेरीत गेली. तिला हवे होते मेमधल्या बारा दिवसांच्या रजेचे पत्र, आणि बाकीच्यांना आपण येथे काम करतो एवढाच कागद. कारकून हसला. अर्ज मात्र त्याला घ्यावा लागला, कारण पोच घेतल्याशिवाय बाया दारातून हलल्या नाहीत. अर्ज तिनेच लिहिला होता. मी फक्त शुद्धलेखन पाहिले.

मुंबईला बोटांचे ठसे द्यायची तारीख पुढच्या गुरुवारची आहे आणि मिलचे उत्तर सोमवारपर्यंत यायचे आहे. पत्र आले नाही तर ती स्वतःच्या सहीने जबाब जोडणार आहे, आणि आम्ही तशीच फाइल देणार आहोत.

माझा वेळ संपला, चिटणीस घड्याळाकडे पाहत आहेत. कोणाला काही विचारायचे असेल तर खुशाल विचारावे. फक्त कोणत्या बँकेच्या कार्डावर जास्त पॉइंट मिळतात ते मला विचारू नये. ते मुलीला विचारा, ती मागच्या रांगेत बसली आहे.