मंडल्याचं कारळं, जबलपूरची चटणी



जबलपुरात चटणी म्हटली की आधी मंगोडे आठवतात. मुगाच्या वाटल्या डाळीचे, कढईतून नुकते काढलेले, आणि सोबत कोथिंबीर-मिरचीची पातळ हिरवी चटणी. ती अख्ख्या शहराची. आज मात्र मी बोलणार आहे इथल्या मराठी घरांतल्या ताटाच्या डाव्या बाजूबद्दल आणि तिथल्या काळ्या, कोरड्या चटणीबद्दल. कारळ्याच्या चटणीबद्दल.

मराठी घरं इथं एकाच वेळी वसलेली नाहीत. १७८१ मध्ये जबलपूरसह गढा-मंडल्याचा मुलूख सागरच्या मराठी सुभेदारांकडे आला, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७-१८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्यप्रदेश राज्य झालं, उच्च न्यायालय नागपूरहून जबलपूरला आलं, आणि त्याच्या मागोमाग वकील आले, कारकून आले, त्यांची बिऱ्हाडं आली. बिऱ्हाडाबरोबर खलबत्ता आला, चटणीची सवय आली. कारळं मात्र कुणाला नागपूरहून आणावं लागलं नाही. ते इथलंच होतं.

मंडला, डिंडोरीकडे याला रामतिल म्हणतात. डोंगरउतारावरच्या ज्या हलक्या, मुरमाड जमिनीत दुसरं काही धड येत नाही, तिथं गोंड आणि बैगा शेतकरी पावसाळ्यात ते पेरतात. पावसाळा सरता सरता उतारच्या उतार पिवळे होतात. या फुलांना मधमाशी लागते. ती फिरली नाही तर दाणा नीट भरत नाही. दाण्यात पस्तीस ते चाळीस टक्के तेल. बरंचसं पीक घाण्याला जातं, काही परदेशी पाखरांचं खाद्य म्हणून जहाजावर चढतं. तीळ आणि रामतिल यांवरच्या अखिल भारतीय संशोधन प्रकल्पाचं मुख्य केंद्र तर बरीच वर्षं आपल्या जबलपुरातच होतं, कृषी विश्वविद्यालयाच्या आवारात. मला याचा फार अभिमान वाटतो. आणि म्हणूनच मराठी घरांत दूरच्या शहरातून आलेली चटणीची पाकिटं दिसली की वाईट वाटतं.

कारण ही चटणी ताजीच खावी. तेलकट दाणा; एकदा कुटला की थोड्याच दिवसांत खवट होऊ लागतो. दाणे साठवावेत, चटणी लागेल तेवढीच करावी.

खरी कसोटी भाजण्यात आहे. तीळ भाजताना रंग बघता येतो. कारळं मुळातच काळं, त्यामुळे इथं डोळ्यांचा उपयोग नाही, कान आणि नाक लागतं. लोखंडी कढई, मंद आच, हात सतत फिरता. आधी एखादा दाणा तडतडतो, मग सगळे एकदम बोलू लागतात आणि खमंग वास सुटतो. चिमटीत दाणा धरून दाबला की चुरला पाहिजे. तिथं लगेच उतरवायचं; आणखी थोडा वेळ राहिलं तर कडवटपणा आलाच. गार झाल्यावर लसूण, लाल तिखट, मीठ, थोडं जिरं घालून खलबत्त्यात कुटायचं. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवायचा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो.

भाकरीवर ही चटणी आणि वर कच्चं तेल, एवढ्यावर जेवण होतं. पण हिचं निम्मं काम भाजीत आहे, हे नव्या सुनांना, नव्या जावयांना सांगायला हवं. लसूण न घालता नुसतं भाजलेल्या कारळ्याचं कूट करून ठेवा. भरल्या वांग्यांच्या सारणात घाला, गवारीच्या भाजीत घाला, दोडक्याला लावा. शेंगदाण्याच्या कुटाने भाजी गोडसर होते, कारळ्याने तिला खमंगपणा येतो आणि रसही दाट होतो. दोडक्याच्या शिरा काढाल, त्याही टाकू नका. तेलावर कुरकुरीत परता आणि त्यात हेच कूट मिसळा.

बाजारात मागताना मात्र रामतिल म्हणूनच मागा. घरी आणल्यावर चाळा, निवडा, बारीक खडा राहतो त्यात. मग धुऊन, कडक उन्हात वाळवून डबा भरा.