बेपत्ता वीरांचे ऋण

(विजय दिनानिमित्त चंद्रपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी सेनेने भारतीय सेनेसमोर शस्त्रे खाली ठेवली. सुमारे ९३ हजार युद्धकैदी आपल्या ताब्यात आले. त्या विजयाचे स्मरण आपल्या चांद्यात व्हावे, हे उचितच आहे. कारण भद्रावतीच्या आयुध निर्माणीत येथील हातांनीच सैन्यासाठी दारूगोळा सिद्ध केला आहे. परंतु आज मी जिंकलेल्या रणांगणाविषयी नव्हे, तर त्या रणांगणावरून घरी न परतलेल्यांविषयी बोलणार आहे.

त्या युद्धातील दोन मराठी वैमानिक पाहा. दोघेही सुखोई-७ विमानाचे सारथी. दिलीप परुळकर यांचे विमान १० डिसेंबरला पडले आणि ते कैद झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये दोन सहकाऱ्यांसह रावळपिंडीच्या बंदिवासाची भिंत फोडून ते निसटले आणि अफगाण सीमेजवळ लंडी कोतलपर्यंत पोहोचले. तेथे पुन्हा पकडले गेले. अखेर १ डिसेंबर १९७२ रोजी वाघा सीमेवरून ते मायदेशी परतले. त्यांची कथा आपण अभिमानाने सांगतो.

दुसरे फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोट रोड येथील पाकिस्तानी विमानतळावरील हल्ल्यात त्यांचे विमान पडले. पकडलेल्या भारतीय वैमानिकांत ‘टोम्बे’ नावाचा एक अधिकारी असल्याचे वृत्त ढाक्याच्या ‘पाकिस्तान ऑब्झर्व्हर’ने छापले. तांबे या नावाचाच तो अपभ्रंश, असे कुटुंबीयांनी मानले. सुटून आलेल्या कैद्यांत मात्र तांबे नव्हते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. विवाहाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. पुढचे सारे आयुष्य त्यांनी मंत्रालयांची दारे ठोठावण्यात घालविले. २००७ साली बेपत्ता सैनिकांच्या नातेवाइकांसमवेत त्या पाकिस्तानातील तुरुंगही पाहून आल्या. हाती काही लागले नाही.

हे दुःख एका घराचे नाही. १९७१ च्या युद्धातील ५४ जण या सूचीत आहेत. त्यांपैकी मेजर अशोक घोष यांचे गजांआडचे छायाचित्र मानले जाणारे चित्र डिसेंबर १९७१ मध्येच ‘टाइम’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाले होते. मेजर अशोक सुरी यांच्या हातची चिठ्ठी युद्धानंतर तीन वर्षांनी वडिलांना मिळाली. पुढील काळातील बेपत्तांसह ही संख्या ८३ असल्याचे केंद्र सरकारने २०१९ मध्ये सांगितले. असा एकही कैदी आपल्याकडे नाही, हे पाकिस्तानचे ठरलेले उत्तर.

शत्रू असे म्हणणारच. प्रश्न आपला आहे. ९३ हजार कैदी हाती असताना, आपला प्रत्येक माणूस परत आल्याखेरीज वा त्याचा हिशेब मिळाल्याखेरीज अखेरची गाडी सोडणार नाही, असे तेव्हाच्या राज्यकर्त्यांनी का म्हटले नाही? रणात कमावलेले सिमल्याच्या मेजावर गमावले, ही वेदना राष्ट्रनिष्ठ मनाला आजही सलते. परंतु बोट केवळ एका पक्षाकडे दाखवून आपली सुटका नाही. त्यानंतर अनेक सरकारे आली, आपल्या विचारांचीही आली. या कुटुंबांची ओंजळ रिकामीच राहिली. स्वजनांना प्रश्न विचारण्याचे धैर्य नसेल, तर आपली राष्ट्रभक्ती केवळ घोषणेपुरती ठरेल.

इच्छाशक्ती असली म्हणजे काय होते, तेही आपण पाहिले आहे. धुळे जिल्ह्यातील जवान चंदू चव्हाण सप्टेंबर २०१६ मध्ये नियंत्रण रेषेपलीकडे गेले. ती वार्ता ऐकून त्यांच्या आजीने प्राण सोडला. पाठपुरावा सुटला नाही. २१ जानेवारी २०१७ रोजी ते वाघ्यावरून परतले. १९६८ साली हिमालयात कोसळलेल्या वायुदलाच्या विमानातील चौघांचे देह सप्टेंबर २०२४ मध्ये, ५६ वर्षांनी, आपल्याच जवानांनी बर्फातून शोधून काढले. अमेरिका तर दुसऱ्या महायुद्धातील आपल्या वैमानिकांचे अवशेष शोधण्यासाठी आपल्या अरुणाचलच्या डोंगरांत पथके पाठविते. तिच्या धोरणांशी आपले मतभेद असोत. हा गुण घेण्याजोगा आहे.

म्हणून मागणी नेमकी हवी. बेपत्ता सैनिकांच्या शोधासाठी एक स्थायी, उत्तरदायी यंत्रणा असावी. सर्व कागदपत्रे कुटुंबीयांना पाहता यावीत. वृद्ध नातेवाइकांचे डीएनए नमुने आजच जतन व्हावेत, कारण आई-वडिलांची पिढी जवळपास गेली आणि आता पत्नी व भावंडेही थकली आहेत. उद्या अस्थी मिळाल्या, तर त्या कोणाच्या हे सांगणारे कोणी उरले पाहिजे.

शेवटी या अरण्यभूमीतील एक गोष्ट. भामरागडकडील माडिया बांधव आपल्या मृतांसाठी दगड उभा करतात; गेलेला माणूस गावाच्या नजरेसमोर राहतो. आणि ज्याचा ठावठिकाणा लागत नाही, त्याच्यासाठी आपल्या धर्मशास्त्राने पालाशविधी सांगितला आहे. साधारणपणे बारा वर्षे वाट पाहावी, मग पळसाच्या पानांचा देह रचून त्याला अग्नी द्यावा. फाल्गुनात चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात ज्याची फुले पेटलेली दिसतात, तोच हा पळस. पूर्वजांनी शोक करण्याची मुभा दिली, पण आधी बारा वर्षे वाट पाहण्याचे कर्तव्य सांगितले. दमयंतीताईंसारख्यांनी त्याच्या चौपटीहून अधिक वाट पाहिली. राष्ट्राने मात्र कोणालाही न सांगता, विधीही न करता, ती पाने केव्हाच जाळून टाकली की काय, अशी शंका येते.

ती शंका खोटी ठरविणे, हेच आपल्यावरचे वीरऋण आहे.

भारत माता की जय!